डोळ्याच्या इंजेक्शनांसाठी पोस्टातलं खातं मोडावं का?

प्रश्न थोडक्यात: वय 67, मानेवाडा, नागपूर. जुना मधुमेह. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर सूज, नजर 6/12 (निरोगी डोळ्याला 12 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसतं). सुचवलेल्या औषधाचं एक इंजेक्शन 28,000 रुपयांना, वर्षभराच्या 9 इंजेक्शनांचं पॅकेज आगाऊ भरल्यास 2,20,000. स्वस्त औषध 7,000चं. दर वेळी ओसीटीचे (पडद्याच्या स्कॅनचे) 1,500. पेन्शन 26,000, त्यात घर भागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 12 लाख (8.2 टक्के, 14 महिने झाले), त्याचं व्याज साठतं. बँकेत 4 लाखांची एफडी. आरोग्य विमा नाही. 12 लाखांचं खातं बंद करून पॅकेज भरू का?

खातं मोडू नका आणि पॅकेजही आगाऊ भरू नका. उपचार मात्र याच आठवड्यात सुरू करा. सूज फार काळ राहिली तर पडद्याचं जे नुकसान होतं, ते नंतर कितीही पैसे ओतले तरी पूर्ण भरून येत नाही.

या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे तुमचे 18,000 गेले. शिवाय दर तिमाहीचं 24,600 रुपयांचं व्याज थांबलं. तेच व्याज तुमचा उपचार चालवू शकतं.

आता औषध. बेव्हासिझुमॅब (हेच ते स्वस्त औषध), रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या सूज उतरवणाऱ्या तीन इंजेक्शनांची तुलना करणारा मोठा अमेरिकी अभ्यास 2015 मध्ये आला. नजर 6/12 किंवा त्याहून चांगली असेल तर तिघांच्या परिणामात फारसा फरक दिसला नाही. नजर त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. 2022 च्या अभ्यासात अशाच कमी नजरेच्या डोळ्यांना आधी बेव्हासिझुमॅब दिलं, पुरेसा फरक न पडल्यास अफ्लिबरसेप्टवर नेलं. दोन वर्षांनंतरची नजर सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट घेणाऱ्यांइतकीच होती, पण सुमारे 70 टक्के डोळ्यांना औषध बदलावं लागलं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: माझी नजर 6/12 आहे, स्वस्त औषधाने सुरुवात करता येईल का? बेव्हासिझुमॅब मोठ्या बाटलीतून छोट्या सिरिंजमध्ये भरतात. तिथे निर्जंतुकीकरण चुकलं तर डोळाच धोक्यात येतो, त्यामुळे ते कुठे भरलं जातं आणि बॅच नंबर काय, हे विचारायला संकोचू नका. पूर्वी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर तेही आधी सांगा.

स्वस्त औषधाची 9 इंजेक्शनं ओसीटीसह 76,500 रुपयांत होतात आणि तुमचं वर्षाचं व्याज 98,400 आहे. महाग औषध लागलंच तर 2,65,500, म्हणजे 1,67,100 कमी पडतात. सुरुवातीला इंजेक्शनं दर महिन्याला असल्याने पैसा आधी लागतो, व्याज मात्र तिमाहीने येतं. त्यासाठी एफडीवर ओव्हरड्राफ्टची, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलण्याची, सोय करून ठेवा. त्याचा दर साधारणपणे एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं.

पॅकेजमध्ये 32,000 वाचताना दिसतात, पण औषध बदललं किंवा कमी इंजेक्शनांत सूज उतरली तर भरलेले पैसे अडकतात. परताव्याची अट लेखी मिळत नसेल तर सुटंच घ्या.

नवा आरोग्य विमा या खर्चाला उपयोगाचा नाही, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानमधल्या एम्समध्ये दुसरं मत घ्या. महात्मा फुले योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा.

सर्वांत महाग चूक म्हणजे तिसऱ्या इंजेक्शननंतर बरं दिसतंय म्हणून थांबणं. सूज परत येते, आणि डावा डोळाही तपासणीत राहायला हवा. त्यासाठी, आणि दुसऱ्या वर्षीच्या पाच-सहा इंजेक्शनांसाठी, एफडीतले किमान दीड लाख हात न लावता ठेवा. इंजेक्शननंतरच्या आठवड्यात डोळा दुखू लागला किंवा नजर घसरली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.