एवढं रक्त कशाला काढतात?

प्रश्न : सासूबाईंना युरिन इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला, बरळायला लागल्या. डॉक्टर सेप्सिसचा (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा) संशय म्हणाले, दोन्ही हातांतून रक्त घेऊन चार बाटल्या भरल्या आणि रिपोर्टची वाट न बघताच अँटिबायोटिक सुरू केलं. असं का?

उत्तर : ताई, बरोबरच केलं त्यांनी. ते ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी; एका बाटलीत ८-१० मिली रक्त लागतं कारण रक्तात जंतू फार थोडे असतात, कमी घेतलं तर सापडतच नाहीत, आणि एकाच हातातल्या बाटलीत काही उगवलं तर ते कातडीवरचंही असू शकतं म्हणून दोन्ही हात. मशीनमध्ये बाटल्या साधारण ५ दिवस ठेवतात, पण जंतू वाढले की बऱ्याचदा एक-दोन दिवसांतच कळतं. तोवर थांबणं जिवावर बेतू शकतं हो! लॅक्टेटचा (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडतोय का, याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मात्र लगेच येतो, तो आवर्जून विचारा.