दोन इंच लिफ्ट केलेल्या थारला इंदूरच्या चिखलासाठी कुठले मड टायर घ्यावेत, ३३ इंची चालतील का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. २०२० नंतरची थार, एलएक्स डिझेल फोर बाय फोर, दोन इंचाची लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करणं) आधीच बसवलेली, रोजचा वापर शहरात आणि पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी चोरल, जानापाव, मानपूर, शिवाय सिमरोलच्या पुढे शेत आहे तिथला कच्चा रस्ता. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, ३३ इंची रुंद टायर नको, १६ इंची रिमवर २६५/७५ आर १६ घ्या (२६५ मिलिमीटर रुंदी, बाजूची भिंत त्याच्या ७५ टक्के, रिम १६ इंची). ग्रुपवाले हसतील, हसू देत. कारणं सांगतो, थोडं लांबेल.

लिफ्ट केली म्हणजे गाडीखालचं सगळं वर गेलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही हो. बॉडी वर जाते, बंपर वर जातो, चाकाच्या वर जागा होते, पण थारचा मागचा एक्सल सॉलिड आहे आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा चाकांच्या उंचीलाच बांधलेला असतो. दोन इंच करा नाहीतर चार, तो होता तिथेच. चिखलातल्या चाकोरीत पहिला टेकतो तो हाच गोळा, आणि तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो, त्यातही टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्माच फायदा मिळतो. आता हिशोब बघा, तुमचा कंपनीचा २५५/६५ आर १८ साधारण ७८९ मिलिमीटर उंच आहे, २६५/७५ आर १६ होतो ८०४ आणि ज्याला लोक ३३ म्हणतात तो २८५/७५ आर १६ होतो ८३४. म्हणजे मी सांगतोय त्या टायरपेक्षा ३३ वाला तुमचा गोळा फक्त दीड सेंटीमीटर जास्त वर नेणार. आणि त्या दीड सेंटीमीटरसाठी फुल स्टिअरिंग मारलं की टायर आत घासणार, गिअरिंग लांब पडल्यामुळे गाडी चढावर सुस्त होणार, ब्रेकला जड चाक थांबवावं लागणार, स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५-१०६ ला असणार. २६५ मध्ये हा फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो, कळतही नाही.

आता खरी गोष्ट, माती. माळव्याची काळी माती म्हणजे बसाल्ट झिजून झालेली चिकण माती, पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. नेटवर जे मड टायरचे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक पातळ, सरबरीत चिखलाचे असतात, त्यात कुठलाही बरा टायर चालतो. आपल्याकडे सगळ्यात वाईट अवस्था जूनच्या पहिल्या एकदोन सरींनंतर येते, माती अर्धवट ओली असते तेव्हा, ती हाताला कणीक चिकटते तशी टायरला चिकटते, थरावर थर चढतो, चाकाच्या वरची जागा भरते आणि मग चाक म्हणजे नुसता काळा गुळगुळीत गोळा, खाली कुठला पॅटर्न आहे याला काही अर्थ उरत नाही. ऑगस्टमध्ये तीच माती पूर्ण भिजली की उलट सोपी जाते, पातळ होते आणि आपोआप गळून पडते.

त्यामुळे आपल्याला हवा असलेला टायर म्हणजे ठोकळे लांब लांब, मधल्या खाचा मोठ्या आणि खांद्याकडे उघड्या, म्हणजे चाक फिरलं की माती बाजूने फेकली जाते. पण हे फेकणं चाकाच्या वेगावर चालतं. लो रेंजच्या (फोर बाय फोरमधला हळू पण जास्त ताकदीचा पर्याय) पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखं गेलात तर जगातला कुठलाही मड टायर साफ होणार नाही. लो रेंज सेकंड किंवा थर्ड, सारखा वेग, आणि गाडी मंदावली की स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवत राहायचं म्हणजे बाजूचे ठोकळे चाकोरीच्या भिंतीला पकडतात. थांबली तर थांबली, तिथेच रेस करत बसू नका, खड्डा खोल होतो आणि गोळा टेकतो.

रुंदीबद्दल लोक फार भांडतात. रुंद टायर वर तरंगतो, अरुंद कापत खाली जातो, दोन्ही खरंच आहे, प्रश्न इतकाच की खाली काय आहे. सिमरोल-चोरलच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी वीतभर-हातभर काळ्या मातीखाली मुरूम किंवा दगड लागतो, तिथे अरुंद उंच टायर खाली पोचून पकड घेतो आणि रुंदवाला वरच घसरत राहतो. खोल काळी जमीन असेल तिथे रुंद टायर बरा, पण तशा शेतात पावसात गाडी घालायचीच कशाला, सोयाबीन तुडवून घरच्यांच्या शिव्या खायच्या? ट्रॅक्टर आहे ना.

शिवाय आपल्याकडे चिखल संपला की लगेच दगड. चोरल नदीच्या पात्रात आणि जानापावच्या वाटेवर बसाल्टचे धारदार तुकडे असतात, ते टायर खालून नाही, बाजूने कापतात. म्हणून एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला, साईडवॉल म्हणजे बाजूची भिंत तीन प्लायची, म्हणजे तीन थरांची, असलेला टायर बघा, मग भले तो जड आणि कडक असेल. आणि याचसाठी मी १६ इंची रिम म्हणतोय. १८ च्या टायरला रबराची भिंत साधारण १६६ मिलिमीटर मिळते, २६५/७५ आर १६ ला १९९. हवा कमी केल्यावर दबायला जागा पाहिजे ना, नाहीतर दगडावर रिमच आपटते. थारचं एएक्स मॉडेल कंपनीतूनच १६ इंचावर, २४५/७५ आर १६ टायरवर यायचं, तेव्हा ही काही जुगाडू कल्पना नाही. तो २४५ वाला साईजसुद्धा मला आवडतो, स्वस्त पडतो आणि घासायची भानगडच नाही, फक्त तुमच्या आत्ताच्या टायरपेक्षा तो दीड सेंटीमीटर बुटका आहे, म्हणून लिफ्टवाल्या गाडीला मी २६५ सांगितला.

हवा! यावर कुणी बोलत नाही. रोडवर ३०-३२ पीएसआय ठेवत असाल तर चिखलात १८-२० वर या, फरक असा पडतो की टायर बदलल्यासारखं वाटतं. बीडलॉक (टायरची कड घट्ट पकडून ठेवणारी) रिम नसेल तर १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिमवरून उतरतो आणि चिखलात तो परत बसवणं ही वेगळीच शिक्षा. दगड सुरू झाले की थोडी परत भरा. बॅटरीला लागणारा बरा कॉम्प्रेसर आणि घड्याळवाला गेज आधी घ्या, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारा पाइप) नंतर.

डांबरी रोडचं मात्र ऐकून घ्या, कारण खरं तर तुमची गाडी जास्त करून त्याच्यावरच चालणार. मड टायरचं जमिनीला टेकणारं रबर कमी आणि त्यात बारीक चिरा कमी, त्यामुळे पावसात बायपासवर ब्रेक लांब लागतो, पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवायची सवय करावी लागेल. आवाजही येतो, नवीन असताना कमी, झिजले की घूं घूं घूं, बायको विचारते गिअरबॉक्स गेला का. एव्हरेज पडेल. बहुतेक मड टायरवर क्यू लिहिलेलं असतं म्हणजे १६० ची मर्यादा, पण आपलं पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचं (गाड्यांच्या चाचणीचं) ट्रॅक थोडंच आहे, ८०-९० ला निवांत चालवा. पाच-सात हजार किलोमीटरला टायर फिरवून लावा, स्टेपनीसकट, नाहीतर ठोकळे एका बाजूने झिजून आवाज दुप्पट होतो. आणि वर्षाचे दहा महिने गाडी पलासिया ते राजेंद्रनगरच करणार असेल आणि शेतावर कधीमधी, तर प्रामाणिकपणे सांगतो, त्याच साईजमध्ये चांगला ऑल टेरेन (रोड आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारा टायर) घ्या आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) किंवा निदान एक दणकट स्ट्रॅप ठेवा.

ब्रँडचं म्हणाल तर मॅक्सिस बिगहॉर्न, बीएफ गुडरिच केएम३, योकोहामा जिओलँडर एमटी, यातला जो ताजा मिळेल तो. ताजा यासाठी म्हणतोय की जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर बंधनं घातली, तेव्हापासून अशा साईजचा माल कधी येतो कधी नाही, आणि दुकानदार “भिया, एकदम नया माल है” म्हणत जुना पडलेला सेट काढून देऊ शकतो. साईडवॉलवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरवरचे आकडे स्वतः वाकून वाचा. पाचही म्हटलं, कारण फोर व्हीलमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं असेल तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. स्टेपनी मागच्या दारावर लटकते आणि असा टायर रिमशिवायच वीस किलोच्या वर जातो, तेव्हा दाराचे बिजागर आणि कंस एकदा बघून घ्या.

आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनाने बदल करायला परवानगी नाही, लिफ्ट त्यात येऊ शकते, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हेच काढतात. टायर फेंडरच्या बाहेर डोकावला की पोलिसांचं लक्ष पहिलं तिकडे, हे रुंद टायर न घेण्याचं अजून एक कारण धरा. रिमला स्पेसर (रिमच्या मागे बसवायची चकती) लावून बाहेर काढायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा, बेअरिंगवर भार येतो.

लिफ्ट पुढे स्पेसरची (स्प्रिंगवर ठोकळा ठेवून केलेली) आहे की पूर्ण किट ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट असल्यामुळे लिफ्टनंतर सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो, त्यात जड टायर, तेव्हा टायर बसवायच्या आधी त्याचे रबरी बूट फाटलेत का बघा आणि बसवल्यावर अलाइनमेंट करा. रिम कुठली घेणार, तिची रुंदी आणि ईटी नंबर (रिम किती आत किंवा बाहेर बसते तो आकडा) खाली लिहा, मग फुल स्टिअरिंगला घासेल का ते सांगतो.