वानवडीला येण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एएफएमसीचं, म्हणजे पुण्यात वानवडीच्या लष्करी मेडिकल कॉलेजचं, मुलाखतीचं बोलावणं आल्याचं तुझ्या आईने काल फोनवर सांगितलं. मला रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला. बाकीच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत नीटचे गुण आणि पसंतीक्रम यांवर प्रवेश होतो, तुझ्याशी कुणी बोलत नाही. इथे समोर बसवून बोलतात. म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. मुलाखतीच्या नादात राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म राहू देऊ नकोस. केंद्राच्या पंधरा टक्के जागांची फेरी आणि राज्याच्या पंच्याऐंशी टक्के जागांची फेरी या वेगवेगळ्या आहेत, दोन्हीकडे नाव हवं. एएफएमसीत मुलींच्या जागा फार थोड्या असतात. डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर असं जे तुला लागू असेल ते आजच फाईलला लाव. ‘सीट मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येतील, ते उचलूच नका.

पुण्यात मुलाखतीआधी संगणकावर इंग्रजी आकलनाची आणि तर्काची छोटी परीक्षा असते. वेळ अर्धाच तास. त्यासाठी रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख घड्याळ लावून वाच, एवढं पुरे. वैद्यकीय तपासणीही असते. डोळे आणि कान आधीच तपासून घे.

आता मुलाखत. आईने सांगितलं, तू क्लासमधून ‘डॉक्टर का व्हायचंय’ याचं तयार उत्तर आणून पाठ करते आहेस. ते फाडून टाक. देशसेवा आणि लहानपणापासूनचं स्वप्न हे शब्द त्या खोलीत दिवसभर ऐकू येतात. त्यात तू कुठे आहेस?

तू आजोबांना साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, नेतेस. रेफरलची चिठ्ठी, औषध संपलेलं असणं, पुन्हा पुढच्या आठवड्यात एसटीने येणं, हे तू पाहिलं आहेस. म्हातारा शिपाई डॉक्टरसमोर दुखणं कमी करून सांगतो, हेही तूच मला सांगितलं होतंस. लष्करात डॉक्टर म्हणून पंधरा-वीस वर्षं नोकरी केल्यावर मला जे कळलं, ते तुला सतराव्या वर्षी दिसलं. हे बोल. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे, थांबून पुन्हा वाक्य जुळव.

माझ्या मुलाखतीत मला विचारलं होतं, दूरच्या पोस्टिंगला घरच्यांशिवाय राहशील का? मी ताडकन म्हणाले, मला काहीच वाटणार नाही. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, याआधी घराबाहेर किती रात्री राहिलीस? एकही नाही. माझा चेहरा उतरला. मग खरं सांगितलं, की भीती वाटते, पण माझी आई माझ्यापेक्षा जास्त घाबरली आहे आणि तरी तिनेच फॉर्म भरायला लावला. त्यानंतर बोलणं सुरळीत झालं. अजूनही वाटतं, त्या दिवशी मी निवडले गेले ते या दुसऱ्या उत्तरामुळे.

एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हण आणि गप्प बस. अंदाजाने उत्तर ठोकणारा विद्यार्थी पुढे अंदाजाने औषध लिहील, ही शंका येऊ देऊ नकोस.

आणि एक प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी तू घरी विचार. साडेचार वर्षं शिक्षण, मग कमिशन, म्हणजे लष्करात अधिकारी म्हणून नेमणूक, आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे नोकरी लष्कराची, बदली लष्कराची. बाँड, म्हणजे नोकरीचा लेखी करार, नीट वाचा, बाबांनाही वाचायला लाव. फी कमी म्हणून येत असशील तर येऊ नकोस, हे मी जीव तोडून सांगते. मन लागत नसताना सियाचीनच्या पायथ्याशी पेशंट तपासणं फार जड जातं, पेशंटलाही आणि डॉक्टरलाही. पण गणवेश खरंच हवा असेल तर बिचकू नकोस. पुनीता अरोरा याच कॉलेजात शिकल्या आणि २००४ मध्ये देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. लेफ्टनंट जनरल झालेल्या माधुरी कानिटकरही इथल्याच.

आदल्या दिवशी दुपारीच ये. स्वारगेटला उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येते. आजोबांना यायचं असेल तर त्यांनाही आण, त्यांची बीपीची गोळी मात्र विसरू नकोस.

तुझी,
मावशी