मधुमेहात कमी कर्बोदकांचा आहार सांगणाऱ्या डॉक्टरांना कुणी मान दिला आहे का?

हो, दिला आहे. सगळ्यात ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या साउथपोर्टचे फॅमिली डॉक्टर डेव्हिड अनविन. 2012 मध्ये त्यांच्या एका पेशंटबाईंनी गोळ्या बंद करून आणि पाव-बटाटा सोडून साखर आटोक्यात आणली. वर त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, हे तुम्ही कधी सांगितलं का नाहीत? अनविन यांनी तो प्रश्न मनावर घेतला. इथेच मला हा माणूस मोठा वाटतो. 2016 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने त्यांना नवकल्पनेसाठी गौरवलं.

त्यांचे साखरेचे तक्ते तर अप्रतिम आहेत. 150 ग्रॅम शिजवलेला बासमती भात रक्तातली साखर साधारण दहा चमचे साखरेइतकी वाढवतो, असं ते चित्रातून दाखवतात. आपल्याकडे रोज भात खाणाऱ्याला हे लगेच पटतं. 2023 मध्ये त्यांनी हा आहार घेतलेल्या 186 पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या 51 टक्के लोकांचा टाइप 2 मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता.

त्यांच्या आधी हाच आहार सांगणारे अमेरिकेतले रिचर्ड बर्नस्टीन. ते स्वतः टाइप 1 मधुमेहाचे (यात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही) पेशंट, पेशाने इंजिनिअर. 1969 मध्ये डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावावर ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र) मिळवला, स्वतःवर प्रयोग केले आणि पंचेचाळिशीच्या आसपास मेडिकलला प्रवेश घेतला!

तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.