झाडावरच्या अळंबीला भूछत्र म्हणावे का?

प्रश्न थोडक्यात असा: घरामागे वठलेल्या आंब्याच्या खोडावर पावसाळ्यात एकाला एक चिकटलेल्या शिंपल्यांसारखी पांढरट भूछत्रे आली. आईने मुलाला शब्द सांगितला, तर तो म्हणाला, "भू म्हणजे जमीन ना? मग हे भूछत्र कसे?"

मुलाचे बरोबर आहे. भूछत्र म्हणजे भुईतून वर आलेली छत्री. खोडावरच्या या प्रकारात भुई नाही आणि खरे तर छत्रीही नाही. दांडा एका बाजूला, आखूड, कधी जवळजवळ नाहीच. तरीही शब्द चूक ठरत नाही. तेल हा शब्द तिळावरून आला, पण शेंगदाण्याच्या तेलाला आपण तेलच म्हणतो. रूढ शब्द आपल्या उगमाला बांधलेला राहत नाही. (भूच्छत्र की भूछत्र, हा वाद कुणी काढलाच तर संस्कृतात दोन्ही रूपे चालतात.)

मला मात्र इथे अळंबी हा शब्द जास्त आवडतो. त्यात भुई नाही, छत्री नाही, म्हणून तो झाडावरही सुखाने राहतो. या शब्दाच्या लिंगाची गंमत आहे. कोकणात एक ते अळंबे, अनेक ती अळंबी, केळे-केळी तसेच. पण "रानात अळंबी आली" हे वाक्य घ्या. यातली अळंबी नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे की स्त्रीलिंगी एकवचनी? "आली" दोन्हीकडे सारखेच. "चांगली अळंबी" म्हटले तरी उलगडा होत नाही. मला वाटते, अशाच वाक्यांतून ती अळंबी हे स्त्रीलिंगी रूप पक्के झाले असावे. फरक कळतो तो भाजीपाशी: कोणी अळंब्यांची भाजी करते, कोणी अळंबीची. दोन्ही शुद्ध. शेतीविषयक पुस्तकांत अळिंबी असे लिहितात, तेही चालते. गोव्यात अळमी, वारुळावर येणारी ती रोयण अळमी, कारण कोंकणीत रोयण म्हणजे वारूळ.

जिथे उगवते ते ठिकाण नावातच सांगायचे, ही आपली जुनी रीत आहे. सुश्रुतसंहितेत अशा उगवणाऱ्या भाज्यांना उद्भिद म्हटले आहे आणि त्यांचे प्रकार जागेवरूनच पाडले आहेत: पलाल म्हणजे पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन. जमिनीवरची हा त्या पाचांतला फक्त एक प्रकार! तुमच्या मुलाला हे जरूर सांगा.

आता त्या खोडावरच्या प्रकाराचे नाव. वर्णनावरून ती धिंगरी वाटते. हा शब्द उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून, ढिंगरी या रूपात, लागवडीबरोबर आपल्याकडे आला. शास्त्रीय नाव प्लुरोटस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ "बाजूचा कान". जर्मन कवकशास्त्रज्ञ पाउल कुमर यांनी १८७१ मध्ये शिंपल्यासारख्या जातीला या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले, ती प्लुरोटस ऑस्ट्रिएटस. इंग्रजीतही ऑयस्टर, म्हणजे शिंपलाच. त्यामुळे कुणी शिंपला अळंबी म्हटले तर ते मला पटते. नाव ऐकताच आकार डोळ्यांसमोर येतो.

याच कुळातले एक नाव आपल्याकडच्या पुस्तकांत "साजोर काजू" असे छापतात आणि वाचणाऱ्याला काजू आठवतो. काजूशी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द मलय भाषेतले आहेत: सायुर म्हणजे भाजी, कायु म्हणजे लाकूड. जुन्या डच वळणाच्या लेखनात "य" साठी "J" (जे) हे रोमन अक्षर वापरत, ते आपण इंग्रजीसारखे वाचले आणि "य" चा "ज" झाला. लाकडावरची भाजी! इतके नेमके नाव आपण काजूत हरवून टाकले, याची मला खरोखर हळहळ वाटते. भारतात त्या नावाने लावली जाणारी जात मुळात वेगळी, प्लुरोटस पल्मोनॅरियस आहे, असे आता अभ्यासक मानतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नाव जुळले किंवा जागा जुळली म्हणून खाऊ नका. झाडावरची अळंबी विषारी नसते, हा समज चुकीचा आहे. जपानीत धिंगरीला हिरातके म्हणतात, म्हणजे चपटी अळंबी. तिथे सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या कुजक्या लाकडावर सुगिहिरातके येते; तीही पांढरी, तीही बिनदांड्याची, आणि लोक ती पिढ्यान् पिढ्या खात होते. २००४ मध्ये ती खाल्ल्यानंतर १७ जण दगावले, त्यांतले बहुतेक मूत्रपिंडाचे रुग्ण होते. तेव्हा जाणकाराने हातात घेऊन ओळख पटवेपर्यंत आंब्यावरची ती अळंबी नुसती पाहा.

धिंगरी खायचीच असेल तर बाजारातली आणा. ती गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर, सोयाबीनच्या कुटारावर वाढवलेली असते, पिशव्या टांगून. म्हणजे ती भुईवरची नाही आणि झाडावरचीही नाही. सुश्रुताच्या यादीतली ती पहिली, पलालावरची, जिला त्याने चवीला गोड म्हटले आहे.