नीटचा तिसरा प्रयत्न आणि कपाटातला कागद

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. मोठी मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला पहिल्या वेळी 287 गुण, वर्षभर लातूरला ठेवल्यावर दुसऱ्या वेळी 341. तिसऱ्यांदा बसवायचं आहे, पण तिचं अभ्यासात मन नाही. दुपारी चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्याचं जीएसटीचं काम करत बसते. धाकटा मुलगा सहा वर्षांचा. चालायलाच त्याला दोन वर्षं लागली, अजून धड बोलत नाही. त्याचं बोलणं फक्त ताईला कळतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कागदावर ‘जीडीडी’ लिहून कानाची आणि जेनेटिक तपासणी सांगितली होती. आम्ही केली नाही. ऐकायला त्याला येतं, मोबाइलवर गाणं लागलं की पळत येतो. जेनेटिक म्हटल्यावर इलाज नसतोच, आणि गावात कळलं तर मुलीच्या लग्नाला अडचण. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तेव्हाही त्याला आजोळी पाठवलं होतं. पत्नी माझ्या मामाचीच मुलगी. तिचा एक चुलतभाऊ असाच आहे, म्हणजे दोष तिकडचा. मुलगी मुलांची किंवा जेनेटिक्सची डॉक्टर झाली तर भावाचा इलाज घरच्या घरी होईल. तिला तयार कसं करावं? तिसऱ्या प्रयत्नाला लातूर बरं की कोटा?

उत्तर :

सर, लातूर की कोटा ते तूर्त राहू द्या. आधी एक साधा हिशेब मांडू.

समजा, पुढच्या वर्षी मुलीला एमबीबीएस मिळालं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग एमडी पेडिॲट्रिक्स, म्हणजे मुलांच्या आजारांचं, 3 वर्षं. मग मेडिकल जेनेटिक्समधलं डीएम, आणखी 3. झाली साडेअकरा. मधल्या प्रवेश परीक्षा पहिल्याच फटक्यात सुटतात असं धरलंय, आणि तसं सहसा होत नाही. तरीही ती तुमच्या मनासारखी डॉक्टर होऊन दारात उभी राहील तेव्हा धाकट्याचं नाव मतदार यादीत आलेलं असेल. तुम्ही त्याचा इलाज साडेअकरा वर्षं पुढं ढकलताय, आणि ढकलायला बहिणीचे खांदे वापरताय.

हे कडक वाटेल. पण तुमच्या पत्रातले गुण वाचून मला काही झालं नाही. 341 गुणांची पत्रं रोज येतात. मी अडखळले ती ‘आम्ही केली नाही’ या तीन शब्दांवर. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी कागदावर काय करायचं ते लिहून दिलं होतं. तो कागद कपाटात गेला, आणि त्याच्या जागी मुलगी क्लासला गेली. त्या दोन तपासण्यांचा खर्च लातूरच्या वर्षभराच्या फी-खानावळीपेक्षा कमी झाला असता, म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता. भीती होती. भीती मला समजते. तिचा हप्ता मुलीनं फेडावा हे नाही समजत.

आता ‘दोष तिकडचा’ याविषयी. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हा समज तुमच्या एकट्याचा नाही आणि घराघरात त्यानं सुनांचं आयुष्य नासवलंय. पहिली गोष्ट, जेनेटिक म्हणजे वाडवडिलांकडून आलेलंच असं काही नसतं. डाऊन सिंड्रोम घ्या. अशा मुलांच्या पेशीत 46 ऐवजी 47 गुणसूत्रं असतात हे पॅरिसच्या डॉक्टरांनी 1959 साली दाखवलं. हे 21 क्रमांकाचं जादा गुणसूत्र बहुतेक वेळा बीज तयार होतानाच्या चुकीतून येतं. खानदानाचा त्यात संबंध नसतो, थोड्याच घरांत असतो. दुसरा प्रकार थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारासारखा. आई आणि वडील दोघंही वाहक (स्वतः धडधाकट, पण सदोष जनुक बाळगणारे) असले तरच मूल आजारी होतं, आणि तेही दर गरोदरपणात चारात एक या शक्यतेनं. तिथं निम्मा वाटा बापाचाच असतो. तिसरा प्रकार फ्रॅजाइल एक्स या बुद्धीच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या आजारासारखा, जो आईकडच्या एक्स गुणसूत्रावरून येतो. आईला स्वतःला बहुधा पत्ताही नसतो, मग दोष कसला? चौथा, दोन्ही घराण्यांत कधीच नव्हता असा, या मुलातच नव्यानं झालेला बदल. तुमच्या मुलात यातलं काय आहे, की यातलं काहीच नाही, हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण तुम्हीही सांगू शकत नाही, आणि तरी तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात. त्यातही सर, तुमचे सासरे म्हणजे तुमचे मामा. पत्नीचा तो चुलतभाऊ तुमचा मामेभाऊ लागतो ना? मग कुंपण नेमकं कुठं घातलंत? डॉक्टर वंशावळ काढतात तेव्हा पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि नवरा-बायको नात्यातले असतील तर दोघांमध्ये दुहेरी रेघ मारतात. तुमच्या कागदावर ती दुहेरी रेघ येईल. ती ठपका म्हणून मारत नाहीत. आधी कोणत्या आजारांकडे बघायचं, ते ती सुचवते.

‘इलाज नसतोच’ हे त्याच समजाचं शेपूट. मूळ कारण पुसता येत नाही असे आजार आहेत, खरंय. पण कारणाचं नाव कळलं की पुढं काय काय तपासत राहायचं ते कळतं. डाऊनच्या मुलाचं हृदय, थायरॉइड, कान, डोळे बघावेच लागतात, आणि हृदयाच्या छिद्रावर शस्त्रक्रिया होते. फिनाइलकीटोन्युरियात (यात अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही) तान्हेपणापासून आहार बदलला तर मेंदूचं नुकसान टळतं. आणि काहीच नाव सापडलं नाही तरी स्पीच थेरपी (बोलण्याचे उपचार) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं करायला शिकवणारे उपचार) नावासाठी थांबून राहत नाहीत. त्या उद्यापासून सुरू करता येतात.

कानाचंही तसंच. गाणं लागलं की पळत येतो, म्हणजे गाण्यातलं काहीतरी ऐकू येतं, एवढंच सिद्ध झालं. ढोल ऐकू येणारं मूल ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज चुकवत असू शकतं. मग ते बोलतंही तसंच, अर्धं गिळलेलं. कानाच्या पडद्यामागं पाणी साठूनही असं होतं आणि त्यावर उपाय आहे. बोलायला उशीर झालेल्या मुलाची सगळ्यात पहिली तपासणी कानाची, मग बाकीचं. साधारण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही जवळजवळ सगळं कळायला हवं. सहाव्या वर्षी ते फक्त ताईला कळतंय, याचं तुम्हाला कौतुक वाटतं. मला काळजी वाटते.

तपासणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सुई येते. माझा भाचा तीन वर्षांचा असताना बहिणीसोबत मी पुण्यात मुलांच्या वाढ-विकासाच्या एका डॉक्टरांकडे गेले होते. पहिली पंधरा मिनिटं त्या बाई चटईवर बसल्या होत्या आणि भाचा त्यांच्या पर्समधलं सामान काढत होता. मग त्यांनी टेपनं त्याच्या डोक्याचा घेर तीनदा मोजला. मग बहिणीच्या नवऱ्याला म्हणाल्या, तुम्हीही बसा, आणि त्याचंही डोकं मोजलं. तो अवघडून गेला. बापाचं डोकं मोठं असेल तर पोराचं मोठं डोकं हा आजार ठरत नाही, इतकं साधं कारण. तळहात, पायाची बोटं, पाठीवरचे डाग, सगळं खेळता खेळता बघून झालं. लाल ठोकळे दिले. भाच्यानं पाचावर सहावा चढवला आणि हात मारून सगळे उडवले. मनोरा किती उंच झाला ते बाईंनी लिहिलं, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. मी डोकावून पाहिली. पाडल्यावर मूल कुणाकडे बघून हसलं, ते त्यांनी टिपलं होतं. रक्ताची सुई फार पुढं आली, एकदाच.

तुमच्या कागदावरच्या ‘जीडीडी’ची मात्र मुदत संपली आहे. सर्वांगीण विकासात उशीर असा त्याचा अर्थ, आणि हे नाव पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच वापरतात. आता त्याची बुद्धिमत्ता वेगळी आणि रोजची कामं (जेवणं, बटण लावणं, शी-शू सांगणं) वेगळी तपासतील. म्हणजे सगळं नव्यानं मांडावं लागेल. उशीर झालाय, पण दार लागलेलं नाही. आजोळी पाठवून चुकवलेली ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि पथक तुमच्या शाळेतही येत असणार. विद्यार्थ्यांना रांगेत तुम्हीच उभं करत असाल. त्यातल्या डॉक्टरांना विचारा, ते जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे लवकर उपचारासाठीच्या जिल्हा केंद्राला, चिठ्ठी देतात. एकाच छताखाली कान, डोळे, बोलणं, थेरपी असं सगळं असावं म्हणून ती केंद्रं काढलीत. दिव्यांगत्व निघालंच तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण प्रमाणपत्राच्या मागं आत्ताच लागू नका.

लग्नाचं म्हणाल, तर कागद कपाटात ठेवल्यानं जनुकं बदलत नाहीत. भावातलं नेमकं कारण कळलं तर पुढं कधीतरी, स्वतःच्या मुलांचा विचार करताना, मुलीला आपण वाहक आहोत का ते तपासता येईल. तेही तिला वाटलं तर, तिच्या सहीनं. ती सज्ञान आहे. नात्यात स्थळ बघायचं की नाही, एवढं मात्र तुम्ही आजच ठरवू शकता.

आता मुलीकडे येते. तुम्ही तिला घरातल्या एका रिकाम्या पदावर नेमून टाकलंय. अर्ज तिनं केलेला नाही. पत्रभर मी शोधलं, तिला काय आवडतं ते तुम्ही एकदाच लिहिलंय, आणि तेही तक्रार म्हणून: चुलतभावाचं जीएसटी भरत बसते. सर, हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यापासून रंगापर्यंत शंभर वस्तू, प्रत्येकाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूचा ठरलेला क्रमांक), खरेदीची बिलं पोर्टलशी जुळवायची, व्यापाऱ्यानं बिल चढवलं नाही तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं म्हणून फोन करून त्याच्या मागं लागायचं. बारावी सायन्सची मुलगी हे कुणी न शिकवता करते, आणि तुम्हाला तो टाइमपास वाटतो? सीए फाउंडेशनला बारावीची शाखा आडवी येत नाही. बीकॉमलाही नाही.

खरं सांगते, पहिल्या मसुद्यात मी उलटंच लिहिलं होतं. नीटच्याच गुणांवर आपल्याकडे बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण), बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपी), बीपीटीएच (फिजिओथेरपी) यांचे प्रवेश होतात, भावाचं बोलणं तिला कळतं, तेव्हा तिला स्पीच थेरपीला घाला. किती छान जुळलं असतं! मग लक्षात आलं, मीही तेच करतेय. भावाचं बोलणं कळणं म्हणजे बहीण असणं, त्यात करिअरचा कल कुठून आला? तिला स्वतःहून त्या कामाची ओढ असेल तर ते उत्तम काम आहे, आणि अशी माणसं तालुक्याच्या गावी मिळत नाहीत हेही खरं. पण हे नाव तुम्ही काढायचं नाही. ती काढेल तर काढेल. नीटचा तिसरा प्रयत्न करायचा की नाही, तेही तिनं सांगायचं. ती ‘नाही’ म्हणाली तर दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा विचारायचं नाही.

आणि तिच्याशी हे बोलण्याआधी धाकट्याच्या आईशी बोला. सहा वर्षं ती ‘तिकडचा दोष’ ऐकत आली असणार.

तपासणीला जाताना तो जुना कागद, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड (जन्माचं वजन, रडला कधी, कावीळ झाली का), लसीकरणाचं कार्ड आणि घरात तो मोकळेपणी बोलतो-खेळतो त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मामेभावाच्या घरी जाऊन त्याचेही जुने कागद मागा. तो चालायला कधी लागला, फिट यायच्या का, शाळेत किती शिकला, हे मामींना आठवेल. हे विचारायला जाताना जीव खाली-वर होईल, पण जा, फोनवर नको.

ताईला मात्र सोबत नेऊ नका. ती असली की त्याच्या वतीनं तीच बोलेल, आणि डॉक्टरांना बघायचंय ते ती नसताना तो काय करतो. शक्य असेल तर 20 तारखेच्या आतबाहेरचा दिवस घ्या. जीएसटीचं रिटर्न तेव्हाच असतं, दुकानात तिला काम असेल.