जुनी पोर्शे केयेन टर्बो कोकणात घ्यावी का? ब्रिटनमधील एमओटीचे निकाल आणि आपल्याकडील पासिंग

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : आपण गुहागरजवळ राहता, २०१२ मध्ये नोंदणी झालेली पोर्शे केयेन टर्बो मुंबईहून घेण्याचा विचार आहे, ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीमध्ये, या गाड्या टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर नापास होतात असे आपल्या वाचनात आले, तेव्हा ही गाडी तकलादू समजावी का, आणि २०२७ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्याकडील पासिंगला काय अडेल? मी रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या वाहनांची खरेदीपूर्व तपासणी आणि मूल्यमापन करतो, त्या आधारे उत्तर देत आहे.

एमओटीमध्ये नापास होणे म्हणजे गाडी दुबळी असणे नव्हे. इंग्लंडमध्ये मोटार ३ वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करावी लागते. टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात खोबणीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर गाडी नापास होते. सस्पेन्शनचे रबरी बुश फाटलेले असणे, बॉल जॉइंटला खेळ असणे, ब्रेक डिस्क झिजलेली असणे, एखादा दिवा बंद असणे हीदेखील नापास होण्याची कारणे आहेत. केयेन टर्बोचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास, इंजिन ४.८ लिटरचे आणि ताकद ५०० अश्वशक्ती. इतके वजन इतक्या वेगाने वळवणाऱ्या आणि थांबवणाऱ्या गाडीचे टायर, बुश आणि डिस्क लवकर झिजणारच, कारण सगळा भार तेच भाग पेलतात.

त्या निकालांत माझ्या मते नापास शेऱ्यापेक्षा सूचनांचा भाग अधिक बोलका असतो. २० मे २०१८ पासून तेथे दोषांची धोकादायक, गंभीर आणि किरकोळ अशी वर्गवारी होते, आणि जे अद्याप दोष ठरलेले नाही पण ज्याच्याकडे लक्ष द्यायला हवे, ते सूचना म्हणून वेगळे नोंदवले जाते. एका वर्षी ‘टायर आतल्या कडेने घासलेला’ अशी सूचना आणि पुढच्या वर्षी लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशवर नापास, असा क्रम दिसला तर तो एकच आजार आहे, हे ओळखावे : बुश झिजला की चाक तिरपे होते. केवळ टायर बदलला तर त्या दिवशी गाडी पास होते, आणि नवा टायर पुन्हा त्याच कडेने जातो.

आपल्या बाबतीत अडचण अशी की मुंबईत नोंदलेल्या गाडीची अशी वर्षानुवर्षांची नोंद कोठेही नसते. आपल्याकडे खासगी मोटारीला ठरावीक काळाने पीयूसी काढावी लागते, पण यंत्राची अधिकृत तपासणी १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी होते. म्हणजे तोवर गाडीच्या पोटाखाली कोणी अधिकृतपणे पाहिलेलेच नसते, आणि ते पाहण्याचे काम खरेदी करणाऱ्यावर येते.

पासिंगचे थोडक्यात सांगतो. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करावा. नूतनीकरण ५ वर्षांसाठी मिळते. १ एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या देशी मोटारीला ५,००० रुपये, तर आयात मोटारीला ४०,००० रुपये शुल्क आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तेव्हा सौदा करताना ही रक्कम विसरू नये. अशा ताकदवान गाड्या पासिंगला अडकतात त्या बहुधा आधीच्या मालकाच्या हौसेपायी : धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, काळ्या काचा, नोंदणी पुस्तकात न दाखवलेला रंग. मूळ सुटे भाग विक्रेत्याकडे असतील तर ते गाडीबरोबरच मागून घ्यावेत.

आता आपल्या किनाऱ्याविषयी, कारण ब्रिटनमधील यादी येथे तशीच्या तशी लागू होत नाही. तिकडे गाडी रोज धावून झिजते, आपल्याकडे अशी गाडी बहुतेक वेळ उभी राहून खराब होते. गणपतीला आणि मे महिन्यात बाहेर निघणारी, एरवी खाऱ्या वाऱ्यात झाकून ठेवलेली केयेन मी तपासतो तेव्हा ब्रेक पॅड जाड असतात, पण डिस्कच्या आतल्या बाजूला गंजाने खड्डे पडलेले असतात, आणि चाक काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून पाहावी. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना दोन टनांची गाडी याच डिस्कवर विसंबून असते, म्हणून या एका बाबतीत मी कोणालाही तडजोड करू देत नाही. ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि त्यांचे जोडही याच वेळी विजेरीच्या प्रकाशात पाहावेत.

टायरची खोबण नवी दिसली तरी बाजूचा चार अंकी आकडा वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. उभ्या गाडीचे रबर खोबण शिल्लक असतानाच कडक होऊन तडकते. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी, असेल तर गाडी रात्रभर सपाट जागी उभी करून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. एक कोपरा बसलेला असेल तर हवा गळते आहे, आणि ती भरून काढताना कंप्रेसरही थकलेला असू शकतो.

पाण्याची तपासणी मी सर्वांत जास्त वेळ देऊन करतो. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सनरूफच्या कोपऱ्यांतील आणि पुढच्या काचेखालील निचऱ्याच्या वाटा पाल्याने तुंबतात, आणि पाणी थेट पायांखालच्या गालिच्यात उतरते. या गाडीची बॅटरी पुढच्या आसनाखाली असते, त्यामुळे हा ओलावा वीजयंत्रणेपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबावा. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये असंख्य वाहने बुडाली, आणि पुराचे पाणी पाहिलेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकली जाऊ शकते. म्हणून आसनांच्या रुळांवरील गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेघ आणि विम्याच्या दाव्यांची नोंद या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. यातील बहुतेक गोष्टी ना एमओटीत सापडतात, ना पासिंगला.

ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या, तक्रारी या पिढीच्या केयेनमध्ये सर्वत्र परिचित आहेत. गाडी गरम झाल्यावर मंद वेगात हलकेच अॅक्सिलरेटर दाबावा. हिसके जाणवले तर तो खर्च मोठा आहे असे धरून चालावे.

माझे मत विचाराल तर गाडी घ्यावी, पण ती रॅम्पवर उचलून, चारही चाके काढून पाहू देणाऱ्या विक्रेत्याकडूनच. बुश, डिस्क आणि टायर हे तिन्ही बदलायला आलेले असतील तर अस्सल भागांचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि ती पूर्ण रक्कम किमतीतून वजा करून मागावी. विक्रेता चाके काढू देत नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो सौदा सोडून द्यावा.